रेडिंगमधला फ्लॅट, पुण्यातली मालकीण आणि मुदत चुकलेली गॅस तपासणी : एक प्रकरण अभ्यास

नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये काही वर्षे राहून परतलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांनी तिथला फ्लॅट न विकता भाड्याने दिलेला असतो. भाडे नियमित येत असते, एजंट नेमलेला असतो आणि वर्षातून एकदा ‘गॅस सर्टिफिकेट’ नावाचे बिल येते, ते भरून टाकले की विषय संपला असा सर्वसाधारण समज असतो. या लेखातील परिस्थिती प्रातिनिधिक आहे. अशा घरांत वारंवार घडणाऱ्या गोष्टी एका घरात एकत्र मांडल्या आहेत, त्यामुळे माणसांची नावे दिलेली नाहीत. त्यातील कायदा मात्र आज इंग्लंडमध्ये लागू असलेला आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये गॅसचे मूळ नियम हेच असले, तरी घरभाड्याचा कायदा वेगळा आहे.

घर आणि करार

फ्लॅट रेडिंग शहरातला, २००६ साली बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमचा. स्वयंपाकघरातल्या कपाटात कॉम्बी बॉयलर (नळाचे गरम पाणी आणि खोल्यांचे हीटिंग दोन्ही देणारा) आणि ओट्यावर गॅसचा हॉब, म्हणजे शेगडी, एवढीच गॅसवर चालणारी उपकरणे. बॉयलर बाहेरच्या भिंतीपासून लांब असल्यामुळे त्याची धूरनळी बैठकीच्या खोलीवरच्या पोकळीतून, जिप्समच्या छताआड लपलेली, बाल्कनीच्या भिंतीपर्यंत जाते आणि वाटेत दोनदा वळते. ही धूरनळी या प्रकरणात पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

मालकीणबाई पुण्यात स्थायिक. भाडेकरू एक परिचारिका, बहुतेक वेळा रात्रपाळीवर. भाडेकरार १ जून २०२३ पासून सुरू झाला. एजंटाशी झालेला करार केवळ भाडेकरू शोधून देण्याचा होता. गॅस तपासणीबद्दल त्यात ‘मालकाने कळवल्यास व्यवस्था केली जाईल’ एवढेच वाक्य होते. मालकीणबाई मात्र ‘एजंट बघतो’ असे धरून चालल्या होत्या आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पुण्यात भाड्याच्या घरात सिलिंडर असतो, गॅसजोडणी बहुधा भाडेकरूच्या नावावर असते, आणि गळती झाली तर तो वितरकाला फोन करून मेकॅनिक बोलावतो. घरमालकाने दरवर्षी शेगडी तपासून घेऊन त्याचा कागद भाडेकरूच्या हाती द्यावा, असा विचारही कुणाच्या मनात येत नाही.

इंग्लंडमध्ये ही जबाबदारी १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनी, मुख्यतः त्यातील नियम ३६ ने, घरमालकावर टाकली आहे. मालकाने पुरवलेली उपकरणे, त्यांच्या धूरनळ्या आणि घरातली गॅसची पाइपलाइन सुस्थितीत ठेवणे हे पहिले कर्तव्य. उपकरणे आणि धूरनळ्या दर बारा महिन्यांच्या आत गॅस सेफ रजिस्टर या गॅस इंजिनिअरांच्या अधिकृत नोंदवहीत नाव असलेल्या इंजिनिअरकडून तपासून घेणे हे दुसरे. तपासणीच्या नोंदीची प्रत राहत्या भाडेकरूला अठ्ठावीस दिवसांत, आणि नव्या भाडेकरूला तो राहायला येण्यापूर्वी देणे हे तिसरे. ही नोंद किमान दोन वर्षे जपून ठेवायची असते. भाडेकरूने स्वतः आणलेल्या आणि जाताना घेऊन जाण्याच्या उपकरणांची तपासणी मालकावर बंधनकारक नाही.

यातले पहिले आणि दुसरे कर्तव्य एकच आहे असे बहुतेक मालक मानतात. ते एक नाही. त्या दिवशी उपकरण सुरक्षित चालत होते एवढेच तपासणी सांगते. देखभाल म्हणजे उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे बॉयलरची सर्व्हिसिंग आणि बिघाड झाल्यावर दुरुस्ती. केवळ तपासणीचे बिल भरून देखभालीचे कर्तव्य पुरे होत नाही, आणि सर्व्हिसिंगचे बिल दाखवून तपासणीची नोंद सादर केल्यासारखे होत नाही. दोन्ही कामे एकाच भेटीत करून घेण्याचा रिवाज आहे आणि तो शहाणपणाचा आहे.

तारखेचा घोळ

पहिली तपासणी १६ मे २०२३ रोजी, भाडेकरू येण्यापूर्वी झाली. दुसरी १० मार्च २०२४ रोजी झाली, कारण एजंटाला त्याच इमारतीतल्या आणखी एका फ्लॅटसाठी इंजिनिअर मिळाला होता आणि दोन घरे एका फेरीत उरकली तर थोडी सवलत होती. मालकीणबाईंनी संमती दिली आणि पुढची मुदत १६ मे २०२५ अशी वहीत लिहून ठेवली.

हा हिशेब त्यांनी मनाने केलेला नव्हता. ६ एप्रिल २०१८ पासून नियमात एक सवलत आली आहे. मुदत संपण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत तपासणी केली, तर पुढची मुदत जुन्याच तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे लवकर तपासणी करणाऱ्याचे दिवस वाया जात नाहीत. ही सवलत त्यांनी कुठेतरी वाचली होती. मात्र १६ मे २०२४ च्या मुदतीसाठी हे दोन महिने १६ मार्चला सुरू होत होते. १० मार्चची तपासणी सहा दिवस आधीची ठरली, सवलत लागू झाली नाही, आणि खरी मुदत १० मार्च २०२५ झाली. एजंटाच्या संगणकात ही तारीख बरोबर नोंदली गेली होती. त्याने फेब्रुवारीत एक ईमेल पाठवला, तो मालकीणबाईंच्या इंग्लंडमधल्या जुन्या नोकरीच्या पत्त्यावर गेला आणि तिथेच राहिला.

२८ एप्रिल २०२५ रोजी मालकीणबाईंनी स्वतः एजंटाला कळवले, तेव्हा त्यांच्या मते मुदतीला अठरा दिवस शिल्लक होते आणि नियमानुसार ती उलटून सात आठवडे झाले होते. ६ मेला इंजिनिअर दारात उभा राहिला, पण रात्रपाळी करून झोपलेल्या भाडेकरूने दार उघडले नाही. १३ मेची वेळ तिने आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर बदलून मागितली. तो निरोप पुण्यात पहाटे पोहोचला आणि इंजिनिअरपर्यंत पोहोचलाच नाही. त्यानंतर तिची सुट्टी, मग एजंटाकडचा माणूस बदलला. तपासणी अखेर ३ जुलै २०२५ रोजी झाली. मालकीणबाईंच्या हिशेबाने अठ्ठेचाळीस दिवस उशीर. नियमाच्या हिशेबाने एकशे पंधरा.

या दोन आकड्यांमधला फरक कायद्याच्या दृष्टीने मोठा आहे. भाडेकरू दार उघडत नसेल, तर नियम ३९ मालकाला बचाव देतो. आपण सर्व वाजवी प्रयत्न केले हे त्याने दाखवले, तर तो दोषी ठरत नाही. आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्था, म्हणजे एचएसई, निदान तीन प्रयत्नांची आणि त्या प्रत्येकाच्या लेखी नोंदीची अपेक्षा ठेवते. ही तपासणी कायद्याने आवश्यक आहे आणि ती भाडेकरूच्याच सुरक्षिततेसाठी आहे, हे पत्रात स्पष्ट लिहावे लागते. बळाने घरात शिरणे किंवा दबाव आणण्यासाठी गॅस बंद करणे मालकाला करता येत नाही. तसे केले तर उलट भाडेकरूच्या छळाचा आरोप येऊ शकतो. ६ मेनंतरच्या काळासाठी हा बचाव थोडाफार टिकला असता. १० मार्च ते २८ एप्रिल या काळात मात्र प्रयत्नच झालेला नव्हता, आणि जो प्रयत्न झालाच नाही, तो वाजवी होता की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय मेमधले बरेच बोलणे फोनवर झाल्याने त्याचा पुरावा नव्हता. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महाग वस्तू म्हणजे न लिहिलेले पत्र.

‘एजंटाने बघायला हवे होते’ हे म्हणणे इथे टिकत नाही. गॅसची व्यवस्था एजंटाकडे सोपवता येते, पण करारात ती नि:संदिग्ध शब्दांत सोपवलेली असावी लागते. ‘मालकाने कळवल्यास’ या शब्दांनी ती सोपवली जात नाही.

नियमभंग हा फौजदारी गुन्हा आहे. १९७४ च्या आरोग्य व सुरक्षा कायद्याखाली दंडाधिकारी न्यायालयात अमर्याद दंड आणि कैद, वरच्या न्यायालयात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या प्रकरणात कुणी तक्रार केली नाही आणि कारवाईही झाली नाही. उशिरा झालेल्या प्रत्येक तपासणीवर खटला उभा राहतो असे नाही. पण काही अनर्थ घडला, तर चौकशीत सर्वांत आधी हीच तारीख मागितली जाते.

३ जुलैची भेट

इंजिनिअरने आल्यावर भाडेकरूला ओळखपत्र दाखवले. या कार्डाच्या पुढच्या बाजूला फोटो, परवाना क्रमांक आणि मुदत असते. मागच्या बाजूला तो कोणकोणत्या उपकरणांवर काम करण्यास पात्र आहे याची यादी असते. मागची बाजू सहसा कुणी वाचत नाही, आणि ती वाचली पाहिजे, कारण बॉयलरसाठी पात्र असलेला प्रत्येक इंजिनिअर प्रत्येक प्रकारच्या शेगडीसाठी पात्र असेलच असे नाही. गॅस सेफ रजिस्टर १ एप्रिल २००९ पासून जुन्या कॉर्गी नोंदणीच्या जागी आले, तरी पंधरा वर्षांनंतरही ‘कॉर्गीचा माणूस’ मागणारे मालक भेटतात.

प्रथम मीटरपाशी गळतीची चाचणी झाली. दाबमापक जोडून पाइपलाइनमध्ये सुमारे २० मिलिबार दाब भरला, तो एक मिनिट स्थिरावू दिला आणि पुढची दोन मिनिटे आकडा घसरतो का ते पाहिले. पाइपलाइनची ही चाचणी वार्षिक तपासणीच्या सक्तीच्या बाबींत मोडत नाही, पण एचएसई ती करून घेण्याची शिफारस करते आणि चांगला इंजिनिअर ती केल्याशिवाय जात नाही. मग हॉबच्या प्रत्येक बर्नरची ज्योत विझवून गॅस आपोआप बंद होतो का ते पाहिले. बॉयलरच्या धुरात नमुन्याची सळई घालून कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण मोजले. नियम २६ (९) प्रमाणे धूरनळीचे कार्य, ज्वलनासाठी हवेचा पुरवठा, गॅसचा दाब किंवा उष्णतेचे मान आणि उपकरणाचे सुरक्षित चालणे या चार गोष्टी पाहिल्याखेरीज तपासणी पुरी होत नाही. हे सगळे आकडे समाधानकारक आले.

घोटाळा छतात निघाला. छताआड धूरनळी असलेल्या घरांत सांधे डोळ्यांनी पाहता यावेत म्हणून निदान ३०० मिलिमीटर लांबी-रुंदीच्या झडपा असाव्या लागतात, आणि प्रत्येक सांधा एखाद्या झडपेपासून दीड मीटरच्या आत असावा लागतो. २०१३ च्या सुरुवातीपासून, अशा झडपा नसतील तर इंजिनिअर तो बॉयलर ‘धोक्याच्या शक्यतेचा’ ठरवून, राहणाऱ्याच्या संमतीने, बंद करतो. या फ्लॅटमध्ये अशा दोन झडपा होत्या. जानेवारी २०२५ मध्ये वरच्या मजल्यावरून पाणी गळाले, इमारत व्यवस्थापनाच्या ठेकेदाराने बैठकीच्या खोलीचे छत नव्याने केले आणि बाल्कनीकडची झडप जिप्समखाली गाडून, वर रंग मारून, अगदी सफाईदार काम करून गेला. भाडेकरूला त्या चौकोनी झाकणाचा उपयोग माहीत नव्हता, मालकीणबाईंनी छताचे फक्त फोटो पाहिले होते, आणि फोटोत छत पूर्वीपेक्षा छान दिसत होते.

न दिसणाऱ्या सांध्यांच्या भीतीत तथ्य आहे. छताआडच्या नळीचा सांधा निखळला, तर कार्बन मोनॉक्साइड त्या पोकळीत साचून खोलीत उतरतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. बॉयलर उत्तम जळत असल्याचा आकडा यंत्रात दिसत असला, तरी न दिसणाऱ्या सांध्याबद्दल तो आकडा काही सांगत नाही. इंजिनिअरने बॉयलर बंद केला, त्यावर इशाऱ्याची चिठ्ठी लावली, नोटिशीवर भाडेकरूची सही घेतली आणि नोंदीत दोष लिहिला. भाडेकरूने नकार दिला असता, तर या पातळीच्या दोषासाठी तिचा नकार आणि दिलेला इशारा लेखी नोंदवून तो गेला असता. धोका तात्काळ स्वरूपाचा असता आणि तरी नकार मिळाला असता, तर गॅसपुरवठा तोडण्याचा अधिकार असलेल्या आपत्कालीन यंत्रणेला बोलवावे लागले असते.

स्वयंपाकघरातल्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मची मुदत संपत आली होती, तो त्याच दिवशी बदलला. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये, गॅसची शेगडी वगळता, पक्के बसवलेले ज्वलन-उपकरण असलेल्या प्रत्येक राहत्या खोलीत असा अलार्म मालकाने बसवणे आणि बिघडल्याचे कळल्यावर बदलून देणे सक्तीचे आहे. कसूर केल्यास स्थानिक परिषद ५,००० पौंडांपर्यंत दंड करू शकते.

दोषाची नोंद असलेला हा कागद ‘नापास दाखला’ आहे, म्हणजे तपासणी झालीच नाही, असे एजंटाच्या नव्या माणसाने कळवले. ते चूक होते. तपासणी झाली होती, तिची नोंद वैध होती, तिची प्रत अठ्ठावीस दिवसांत भाडेकरूला द्यायचीच होती. दोष दूर करणे ही त्यापुढची वेगळी जबाबदारी होती.

अकरा दिवस गरम पाण्याविना

झडप उघडण्यात अडचण कामाची नव्हती, मालकीची होती. मालकीणबाईंनी फ्लॅट ज्या दीर्घ भाडेपट्ट्याने घेतला होता, त्याच्या दस्तऐवजाप्रमाणे छताचा आतला थर फ्लॅटचा, आणि त्यावरची पोकळी इमारतीच्या मूळ मालकाची. त्या थराला छेद देण्याची परवानगी मिळायला आठवडा गेला. १४ जुलैला झडप बसली, सांधे पाहून इंजिनिअरने नोंद पूर्ण केली आणि बॉयलर सुरू झाला. उन्हाळा असल्यामुळे हीटिंगचा प्रश्न आला नाही, पण घरमालक व भाडेकरू कायदा, १९८५ च्या कलम ११ प्रमाणे पाणी तापवण्याची व्यवस्था चालू ठेवणे हे मालकाचे काम असल्यामुळे भाडेकरूने भाड्यात सूट मागितली आणि ती द्यावी लागली.

या घराचा त्या वर्षीचा हिशेब असा झाला. तपासणी आणि सर्व्हिसिंग मिळून १५० पौंड. इंजिनिअरच्या दोन फुकट फेऱ्यांचे ८० पौंड. झडपेच्या कामाचे ३२० आणि फेरभेटीचे ६० पौंड. भाड्यातली सूट १८० पौंड. एकूण ७९०. नुसत्या तपासणीचा दर कायद्याने ठरलेला नाही आणि गॅस सेफ रजिस्टरही तो ठरवत नाही. शहर, उपकरणांची संख्या आणि एजंटाची दलाली यांप्रमाणे तो बदलतो, पण एक बॉयलर आणि एक हॉब असलेल्या घरात तो सहसा शंभर पौंडांच्या आसपास राहतो. म्हणजे मालक ज्या आकड्यासाठी घासाघीस करतात, तो एकूण खर्चातला लहान भाग आहे.

फुकट फेऱ्यांचे ८० पौंड भाडेकरूकडून घ्यावेत, असा एजंटाचा सल्ला होता. १ जून २०१९ पासून लागू झालेल्या भाडेकरू शुल्क कायद्यामुळे तपासणीचा किंवा अशा फेऱ्यांचा आकार भाडेकरूवर लावता येत नाही. कराराच्या भंगाबद्दल नुकसानभरपाई मागता येते, पण ती सिद्ध करावी लागते, आणि वेळ बदलण्याचा निरोप भाडेकरूने आदल्या रात्री दिला होता हे तिच्या फोनमध्ये स्पष्ट दिसत होते. मालकीणबाईंनी तो विषय सोडून दिला.

करात काही दिलासा आहे का? ब्रिटनमध्ये तपासणी आणि दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो. भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला हेच भाडे इथल्या विवरणपत्रातही दाखवावे लागते आणि इथे दुरुस्ती वगैरेंसाठी ठोक ३० टक्के वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च शंभर पौंड असो की आठशे. त्यामुळे ही बिले पुण्यातल्या सीएला देऊन उपयोग नसतो. ती जपायची ती ब्रिटनच्या करासाठी आणि पुराव्यासाठी.

नोटीस आणि जुने दाखले

सप्टेंबर २०२५ मध्ये मालकीणबाईंनी फ्लॅट विकायचे ठरवले आणि १९८८ च्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम २१ खाली, कारण न देता, घर रिकामे करण्याची नोटीस द्यायची तयारी केली. तिथल्या वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला तो २०२३ च्या गॅस तपासणीच्या दाखल्याबद्दल, कारण तो भाडेकरूला दिलेला नसेल तर ही नोटीस अडते. भाडेकरू १ जून २०२३ ला राहायला येण्यापूर्वी तिला तो मिळाला होता, याचा पुरावा कुठे आहे? एजंटाने ‘स्वागताच्या फाइलमध्ये ठेवला होता’ असे सांगितले. सही नव्हती, ईमेल नव्हता.

काही वर्षांपूर्वी या एका कारणावरून नोटीस कायमची बाद झाली असती. २०१८ मध्ये लंडनच्या कौंटी न्यायालयात कॅरिडॉन प्रॉपर्टीच्या प्रकरणात असाच निकाल लागला होता : प्रवेशापूर्वी दाखला दिला नाही तर ती चूक पुढे दुरुस्त करता येत नाही. जून २०२० मध्ये ट्रेकॅरेल हाऊस प्रकरणात अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने ही भूमिका बदलली. दाखला उशिरा दिला तरी चालेल, मात्र तो नोटीस देण्यापूर्वी भाडेकरूच्या हाती पडलेला असला पाहिजे. निकाल बहुमताचा होता हे विसरू नये. तिसऱ्या न्यायमूर्तींना कायद्याचे शब्द मालकाच्या विरुद्ध वाटत होते, आणि मला त्यांचे म्हणणे निराधार वाटत नाही.

वकिलाच्या सांगण्यावरून ५ सप्टेंबरला तिन्ही वर्षांचे दाखले एकाच ईमेलने भाडेकरूला पाठवले, तिचे ‘मिळाले’ असे उत्तर घेतले आणि नोटीस १२ सप्टेंबरला दिली. भाडेकरू नोव्हेंबरअखेर घर सोडून गेली. ही वाट आता बंद होत आहे. २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याप्रमाणे १ मे २०२६ पासून इंग्लंडमधल्या खासगी भाडेकरारांसाठी कलम २१ राहत नाही आणि घर परत मिळवण्यासाठी विक्रीसारखे ठरावीक कारण द्यावे लागते. दाखला दिला नाही तर नोटीस अडेल, हा धाक त्याबरोबर जातो. १९९८ चे नियम मात्र कुठे जात नाहीत, आणि फौजदारी जबाबदारी आहे तशीच राहते.

विक्री फिसकटली आणि जानेवारी २०२६ मध्ये नवा भाडेकरू आला. ३ जुलैच्या तपासणीला बारा महिने झालेले नसल्यामुळे तीच नोंद त्याला देता आली, या वेळी प्रवेशापूर्वी आणि सही घेऊन. पुढची मुदत ३ जुलै २०२६, आणि तारीख न गमावता तपासणी करण्याची मुभा ३ मेपासून. एजंटाशी नवा करार झाला असून त्यात तपासणी ठरवणे, भाडेकरूशी लेखी पत्रव्यवहार करणे आणि नोंदी ठेवणे ही कामे स्पष्टपणे त्याच्याकडे दिली आहेत, त्यासाठी तो दरमहा वेगळे पैसे घेतो.

झडप गाडल्याचे ३२० पौंड इमारत व्यवस्थापनाकडून परत मागितले आहेत. त्यांचे म्हणणे असे की छताचा आतला थर फ्लॅटमालकाचा असल्याने तिथल्या झडपेकडे लक्ष ठेवणे हे त्याचेच काम होते. मालकीणबाईंकडे २०२४ च्या तपासणीच्या नोंदीची प्रत आहे आणि तीत ‘दोन्ही झडपांतून सांधे पाहिले’ असे इंजिनिअरने लिहिलेले आहे. तो पत्रव्यवहार अजून चालू आहे.